सहलीच्या यादीत नसलेले सिंगापूर

आमच्या भंडाऱ्याकडे परदेशवारीचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. आधी उमरा, मग दुबई आणि मुले थोडी मोठी झाली की सिंगापूर. राइस मिलवाले जातात, शाळामास्तर जातात, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले जातात. पाच रात्री, सहा दिवस. हातात पडणारी यादीही सगळ्यांची एकच असते : मर्लायन, मरीना बे, गार्डन्स बाय द बे, सेंतोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि शेवटी मुस्तफा सेंटरमधली खरेदी. आम्ही गेलो तेव्हा आमच्याही हाती हीच यादी होती. बरोबर अम्मी, बेगम, दोन मुले. यादीतले सगळे पाहिले, फोटो काढले, मुले खूश झाली. त्याबद्दल मला लिहायचे नाही, ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. लिहायचे आहे ते यादीबाहेरच्या, पण यादीतल्या ठिकाणांपासून चालत जाता येईल अशा काही जागांबद्दल.

आधी नावांपासून सुरुवात करू. सिंगापूर म्हणजे सिंहपूर, हे शाळेतल्या पोरालाही कळते. तेराव्या शतकात सांग नीला उतामा नावाच्या राजपुत्राला या बेटावर सिंह दिसला म्हणून हे नाव पडले, अशी मलय दंतकथा आहे. या बेटावर सिंह कधीच नव्हते, दिसला असेल तर वाघ. अर्धा मासा नि अर्धा सिंह असलेला तो मर्लायन मात्र दंतकथेतलाही नाही. ते १९६४ साली पर्यटन मंडळासाठी काढलेले बोधचिन्ह आहे. पुतळा १९७२ चा. म्हणजे आमच्या घरातल्या पितळी हंड्यांपेक्षाही तो वयाने लहान.

सेंतोसा हा शब्द मुलीने मोठ्याने वाचला आणि मी थबकलो. हा आपला ‘संतोष’. मलय भाषेत त्याचा अर्थ शांती, समाधान. बेटाचे जुने नाव पुलाव ब्लाकांग माती, त्यात ‘माती’ म्हणजे मृत्यू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पर्यटन आणायचे ठरले तेव्हा नाव बदलले. मग मी मलय शब्द गोळा करायचा नादच लावून घेतला. भाषा म्हणजे ‘बहासा’. नवरा म्हणजे ‘सुआमी’, आपला स्वामी. धर्म म्हणजे ‘आगामा’. जन्नत ‘शुर्गा’ आणि जहन्नम ‘नराका’. आणि रमजानचा रोजा? ‘पुआसा’, म्हणजे उपवास. पाच वक्ताची नमाज पढणारा, हजला जाणारा मलय मुसलमान आपल्या दीनला आगामा म्हणतो आणि रोज्याला उपवास म्हणतो. त्यात त्याला काही वावगे वाटत नाही आणि त्याच्या इमानावर कोणी शंकाही घेत नाही.

आमच्याकडे अजून लोक विचारतात, ‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतके चांगले कसे लिहिता?’ विचारणारा कौतुकानेच विचारतो, म्हणून उत्तर देणे अवघड जाते. दुसऱ्या बाजूने आपल्यातलेही काही जण ‘खुदा हाफिज’ की ‘अल्लाह हाफिज’ यावर रात्र घालवतात. या दोन्ही मंडळींना मलय शब्दकोशाची चार पाने वाचायला द्यावीत.

कांपोंग ग्लाममध्ये सुलतान मशीद आहे. पर्यटक तिथे येतात ते सोनेरी घुमटाचा फोटो काढायला आणि अरब स्ट्रीटवर कापड घ्यायला. जुम्म्याला आम्ही तिथे होतो. ही मशीद १८२४ च्या सुमाराला उभी राहिली आणि तिला ईस्ट इंडिया कंपनीने तीन हजार स्पॅनिश डॉलर दिले होते. कंपनीला इबादतीची एवढी काळजी का वाटली, हे समजून घ्यायला पाच वर्षे मागे जावे लागते.

२९ जानेवारी १८१९ ला स्टॅमफर्ड रॅफल्स या बेटावर उतरला. बेट जोहोरच्या सुलतानाचे. पण गादीवर धाकटा भाऊ होता आणि तो डचांच्या कह्यात होता. रॅफल्सने थोरल्या भावाला, हुसेनला, शोधून आणवले, त्याला सुलतान म्हणून मान्यता दिली आणि ६ फेब्रुवारीला त्याच्याशी करार केला. सुलतानाला वर्षाला पाच हजार डॉलर, तेमेंगोंग म्हणजे तिथल्या सरदाराला तीन हजार, आणि कंपनीला वखार घालायची परवानगी. १८२४ साली दुसरा करार झाला आणि बेट पूर्णपणे कंपनीचे झाले. सुलतानाकडे किताब राहिला, वाडा राहिला आणि तनखा राहिला. त्या वाड्यात सुलतानाचे वंशज १९९९ पर्यंत राहत होते. मग त्यांना दुसरीकडे हलवून वाड्यात मलय वारशाचे संग्रहालय केले गेले.

हे वाचताना विदर्भातल्या माणसाला आपली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारून परतला. पुढे त्याने नागपूर वसवले. तुमसरजवळचा आमचा आंबागड किल्ला त्याच्याच सुभेदाराने, राजा खान पठाणाने, १७०० च्या सुमाराला बांधला असे सांगतात. बख्त बुलंदच्या पुढच्या पिढीत भाऊबंदकी लागली, मदतीला बोलावलेले रघूजी भोसले १७४३ नंतर नागपुरातच राहिले आणि बुऱ्हाण शाह तनख्याचा राजा झाला. पुढे भोसल्यांच्या बाबतीत इंग्रजांनी तेच केले. भावांच्या भांडणात मदतीला आलेला माणूस घरमालक होऊन बसतो, हे नागपुरात आणि सिंगापुरात सारखेच घडले. फरक इतकाच की सिंगापूरच्या वाड्याबाहेर पाटी आहे. आंबागड पाहायला भंडाऱ्यातले किती जण जातात, हे आपले आपणच मोजावे.

आजची मशीद जुनी नाही, १९३२ ची आहे. आराखडा डेनिस सँट्री या गोऱ्या वास्तुविशारदाचा. घुमटाच्या खाली काळ्या काचेची एक पट्टी दिसते, ती बाटल्यांच्या बुडांची आहे. ज्यांच्याकडे देणगी द्यायला पैसा नव्हता त्या गरिबांनी बाटल्या दिल्या आणि त्या घुमटाला लावल्या. अम्मीला त्या मशिदीतले एवढेच लक्षात राहिले आहे. गावी आल्यावर तिने हीच गोष्ट दहा जणींना सांगितली, मर्लायन कोणालाच नाही.

मशिदीत एक गोष्ट जाणवली. अजान बाहेर ऐकू येत नाही. १९७४ च्या आसपास तिथल्या मशिदींचे भोंगे आतल्या बाजूला वळवले गेले आणि पाच वेळची अजान रेडिओवरून सुरू झाली. १९७५ पासून मुसलमान नोकरदारांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम मशीद बांधणी निधीत जमा होते आणि नव्या वसाहतींत त्यातून मशिदी बांधल्या जातात. हे सगळे पाहणारी मजलिस १९६८ पासून आहे. जुम्म्याचा खुतबाही तीच तयार करून पाठवते. सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे कमाल प्रमाण १९८९ पासून ठरवलेले आहे, म्हणजे कोणताही मोहल्ला एकाच जमातीचा होऊ शकत नाही.

नागपुरात, पुण्यात, मुंबईत आडनाव सांगितल्यावर ‘मालकाला विचारून सांगतो’ हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा नियम ऐकून हेवा वाटेल. मलाही वाटला. पण पूर्ण चित्र सांगितले पाहिजे. याच नियमामुळे अल्पसंख्य माणसाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते आणि भाव पडतो. सरकारी रुग्णालयातल्या नर्सना डोक्याला हिजाब बांधायची परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडावे लागले. खुतबा सरकारी मजलिसने लिहून द्यावा, हे तर मला पटत नाही. आणि तरीही प्रत्येक नोटेवर ज्याचा चेहरा आहे तो देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष युसूफ इशाक, मूळचा पत्रकार, ‘उतुसान मेलायू’ या वृत्तपत्राच्या संस्थापकांपैकी एक. २०१७ ते २०२३ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या हलीमा याकूब यांचे वडील भारतीय मुसलमान, पेशाने पहारेकरी. ते वारल्यावर आईने हातगाडीवर भात विकून मुले वाढवली. मुलाने नोट हातात घेऊन विचारले, ‘अब्बा, हे मुसलमान आहेत?’ त्याच्या आवाजातले आश्चर्य मला खुपले.

मशिदीपासून पंधरा-वीस मिनिटे चालले की पडांग नावाचे मोठे मैदान लागते आणि त्याच्या शेजारी सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल. पांढरेशुभ्र, उंच. बसमधून जाताना गाइड ‘लेफ्ट साइडला चर्च’ एवढे म्हणतो. हे चर्च १८५६ ते १८६१ या काळात भारतीय कैद्यांनी बांधले.

आपल्याला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. पण १८५८ च्या आधी काळे पाणी म्हणजे पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर. एप्रिल १८२५ मध्ये बेंकुलेनहून कैद्यांची पहिली तुकडी सिंगापूरला आणली गेली. त्यानंतर मद्रास, बंगाल आणि मुंबई अशा तिन्ही इलाख्यांतून कैदी येत राहिले, ते १८७३ पर्यंत. दलदल भरणे, रस्ते, पूल, कालवे, दीपगृह, गव्हर्नरचा बंगला, सगळे त्यांच्या हातचे. आज तिथले राष्ट्राध्यक्ष ज्या इस्ताना महालात बसतात तो १८६७ ते १८६९ मध्ये याच कैद्यांनी उभा केला. विटा त्यांनीच भाजल्या. चर्चच्या भिंतींना गिलावा आहे तो मद्रासी पद्धतीचा : शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि नारळाच्या सोडणांचे पाणी. वाळल्यावर तो दगडाने घासून चकाकी आणायची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतला घोटीव चुना ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

शिक्षेची मुदत संपलेले कितीतरी जण परत गेलेच नाहीत. कोणी दूधवाला झाला, कोणी गाडीवान, कोणी तिथल्याच बाईशी निकाह लावून मलय मोहल्ल्यात मिसळून गेला. मोहरमला हे कैदी ताबूत काढत. आधी मुभा होती, मग इंग्रजांनी ती काढून घेतली. भंडारा-पवनीकडे ताजियांपुढे नारळ घेऊन येणाऱ्या हिंदू बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या सिंगापुरी ताबुताभोवती कोण कोण असेल याची कल्पना करता येईल.

त्याच चर्चमध्ये आत भिंतीवर स्मृतिफलक आहेत. त्यांतले काही १९१५ मध्ये मारल्या गेलेल्या इंग्रजांचे. त्यांना मारले ते भारतीय मुसलमान शिपायांनी. इथे थोडे थांबावे लागेल.

पहिले महायुद्ध सुरू होते. सिंगापुरात पाचवी लाइट इन्फंट्री ही पलटण होती. आठशेच्या आसपास शिपाई, बहुतेक हरियाणाकडचे रांघड म्हणजे राजपूत मुसलमान, काही पठाण. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरले. खलिफाच्या सैन्यावर गोळी झाडायची वेळ येणार का, हा प्रश्न बराकींत घोळू लागला. गदर पार्टीची पत्रके येत होती. नूर आलम शाह नावाचे एक पीर मशिदीत इंग्रजी राज्य बुडणार असे सांगत होते. कासिम मन्सूर या गुजराती कॉफीवाल्याने रंगूनच्या तुर्की वकिलाकडे युद्धनौका पाठवा, असा निरोप धाडायचा प्रयत्न केला. शिवाय पलटणीतल्या बढत्यांवरून गोऱ्या अधिकाऱ्यांत आणि देशी अंमलदारांत गट पडले होते. पलटणीला हाँगकाँगला जायचा हुकूम होता. शिपायांत बोलणे उठले, हाँगकाँग नाही, तुर्कांशी लढायला नेत आहेत.

१५ फेब्रुवारी १९१५, चिनी नववर्षाची सुट्टी. दुपारी अलेक्झांड्रा बराकीत गोळी झाडली गेली. निम्मी पलटण उठली. शिपायांनी जर्मन कैद्यांची छावणी फोडली. बहुतेक जर्मनांनी साथ दिली नाही. गोरे अधिकारी, शिपाई आणि रस्त्याने, मोटारीने जाणारे साधे नागरिक, असे चाळीसच्या वर लोक मारले गेले. फ्रेंच, रशियन आणि जपानी जहाजांवरचे सैनिक इंग्रजांच्या मदतीला उतरले, जोहोरच्या सुलतानानेही साथ दिली. काही दिवसांत सगळे संपले.

मग खटले. दोनशेंहून अधिक शिपाई दोषी ठरले. ४७ जणांना औटराम तुरुंगाच्या भिंतीसमोर उघड्यावर गोळ्या घातल्या. २५ मार्चला एकाच वेळी एकवीस-बावीस जण, आणि बघायला हजारोंची गर्दी. सुभेदार डुंडे खान आणि जमादार चिश्ती खान त्याआधी मारले गेले होते. कासिम मन्सूरला फाशी झाली.

आपल्यातल्या काही लेखांत या शिपायांना थेट शहीद म्हटलेले मी वाचले आहे, आणि काही इतिहासकार त्यांना अफवेने बिथरलेला जमाव ठरवतात. मला दोन्ही मान्य नाही. निःशस्त्र माणसाला, सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालेल्याला मारणे हे कोणत्याही दीनच्या नावावर खपवता येणार नाही. पण पगारासाठी दुसऱ्याच्या साम्राज्याचे रक्षण करायला निघालेल्या शेतकऱ्याच्या पोराला, ‘मी कोणावर गोळी झाडायची?’ हा प्रश्न पडला, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती. १८५७ नंतर तो प्रश्न इतक्या मोठ्या आवाजात विचारला गेल्याची उदाहरणे थोडी आहेत. इंग्रजांनी आपल्या दोन मृतांच्या नावाने रस्ते केले. हार्पर रोड आणि होल्ट रोड आजही आहेत. औटराम तुरुंग साठच्या दशकात पाडला गेला. औटराम पार्क नावाचे मेट्रो स्टेशन आहे, आम्ही तिथे गाडी बदलली.

आणि पुन्हा १५ फेब्रुवारी. बरोबर सत्तावीस वर्षांनी, १९४२ साली, त्याच तारखेला सिंगापूर जपान्यांपुढे शरण गेले. तेव्हाही चिनी नववर्षच होते. अजिंक्य म्हणवलेला किल्ला पडला त्याच्या कारणांत एक कारण भंडाऱ्याच्या माणसाला चटकन कळेल असे आहे : पाणी. बेटावरचे तलाव जपान्यांच्या हाती गेले, नळ फुटले, शहरात लाखो माणसे कोंडलेली. आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांवर शेकडो वर्षे धान पिकले, नि आज त्यांतल्या कितीकांत गाळ साचला आहे. सिंगापूरने ती फेब्रुवारी लक्षात ठेवली. मरीना बेचे जे पाणी आपण फोटोत आणतो, तो २००८ साली बंधारा घालून समुद्रापासून तोडलेला गोड्या पाण्याचा तलाव आहे. आमच्या गाइडने हे सांगितले नाही.

शरणागतीनंतर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, फॅरर पार्कमध्ये भारतीय युद्धकैद्यांना जपान्यांच्या हवाली केले गेले आणि मोहनसिंग यांच्या नेतृत्वाखाली आझाद हिंद फौजेची सुरुवात झाली. जुलै १९४३ मध्ये नेताजी आले. पडांगवर ५ जुलैला त्यांनी ‘चलो दिल्ली’ची हाक दिली आणि २१ ऑक्टोबरला कॅथे चित्रपटगृहात आझाद हिंद सरकारची घोषणा केली.

या सरकारच्या लष्करी सदस्यांची नावे वाचून पाहा : अझीझ अहमद, भगत, भोसले, गुलजारा सिंग, कियानी, लोगनाथन, एहसान कादिर, शाहनवाज. फौजेचे ब्रीद होते ‘इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी’. टँक रोडवरच्या चेट्टियार मंदिराच्या विश्वस्तांनी नेताजींना देणगी घ्यायला बोलावले. मंदिरात परजातीच्या माणसाला प्रवेश नव्हता. सगळ्या जातीधर्मांचे माझे सहकारी आत येणार असतील तरच येईन, असे त्यांनी कळवले. विश्वस्तांनी मानले, आणि आबिद हसन, कियानी असे मुसलमान अधिकारी त्यांच्याबरोबर मंदिरात गेले. ‘जय हिंद’ हा शब्द देणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हेच आबिद हसन, हैदराबादचे.

८ जुलै १९४५ ला नेताजींनी पडांगजवळ समुद्राकाठी फौजेच्या अनाम शहिदांसाठी स्मारकाचा पाया घातला. त्यावर हीच तीन शब्दांची ओळ कोरली होती. सप्टेंबरात इंग्रज परतले आणि माउंटबॅटनच्या हुकमाने ते स्मारक सुरुंग लावून उडवले. पन्नास वर्षांनी, १९९५ साली, सिंगापूर सरकारने त्या जागी खुणेची पाटी लावली. मर्लायनपासून चालत काही मिनिटांवर आहे. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात दुसरे कोणी थांबले नाही.

पण तिथून जवळच चार उंच पांढरे खांब आहेत, त्यांच्याकडे पाठ करून नेताजींचा जयघोष करणे मला जमले नाही. जपान्यांनी शहर घेतल्यावर हजारो चिनी पुरुषांना छावण्यांत बोलावले, निवडून वेगळे काढले आणि किनाऱ्यांवर नेऊन मारले. त्यांतला एक किनारा आजच्या सेंतोसाचा. आमच्या फौजेचे मित्र ते त्यांचे मारेकरी. हे खांब त्या सगळ्या नागरिकांचे स्मारक आहे. चार खांब म्हणजे चिनी, मलय, भारतीय आणि इतर, आणि त्याचे उद्घाटन झाले १५ फेब्रुवारी १९६७ ला. अम्मीने तिथे उभे राहून फातिहा पढली. कोणासाठी, ते मी विचारले नाही.

मुलीने त्या यादीतल्या एका नावाबद्दल विचारले, ‘भोसले म्हणजे आपले नागपूरचे?’ नाही, हे जगन्नाथराव भोसले सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे. फौजेत मेजर जनरल झाले. १९५२ साली रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत उखडलेल्या माणसांना छप्पर देणे हे त्यांचे काम. शाहनवाज खान रावळपिंडीकडचे, पण भारतात राहिले, मेरठमधून निवडून आले, तेही उपमंत्री झाले. त्याच भागातले मोहम्मद झमान कियानी, भोसल्यांच्या बरोबरीने सिंगापुरात शपथ घेतलेले, पाकिस्तानात गेले.